जुनी पिकअप नवी करायची? आधी कागद, मग पाना



गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे एकाच चालीचा प्रश्न फार येतोय. दुकानात येतो, फोनवर येतो, बॅच सुटल्यावर चहा पिताना येतो. "सर, मामाच्या शेतात जुनी महिंद्राची पिकअप उभी आहे, वीस-पंचवीस वर्षं बंद. ती नवी केली तर धंदा होईल का?" कोणाला तिच्यावर फूड ट्रक टाकायचाय. कोणाला लग्नात भाड्याने द्यायचीय. कोणाला रंगवून पुण्या-मुंबईच्या शौकिनाला विकायचीय. विचारणारा बहुतेक पंचवीस ते तीस वयाचा, हातात दोन-तीन लाख, आणि हातात आयुष्यात पाना धरलेला नाही. मोबाईलवर तीस सेकंदांची रील बघितलेली असते, त्यात गंजलेली गाडी आत जाते आणि चकाचक होऊन बाहेर येते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला पटत नाही त्याचा वेळ जायला नको. जुनी गाडी जरूर करा. नवख्या माणसाला यासारखी शाळा नाही. पण पहिली गाडी कमाईसाठी धरू नका, आणि जी गाडी कमाईला लावायची ती पन्नास वर्षं जुनी घेऊ नका. ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एका गाडीत बसवायला गेलं की पैसा अडकतो, गाडी अर्धवट राहते, आणि घरात रोज तोच विषय निघतो. परभणीबद्दलची म्हण तुम्हाला माहीतच आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. म्हणीत ठीक आहे, पण बापाच्या एफडीवर हा हिशोब चालत नाही.

आता ही गाडी आपल्याकडं आली कुठून, ते थोडं बघू, कारण पार्ट मिळणं न मिळणं त्याच्यावर आहे.

महिंद्रा कंपनी २ ऑक्टोबर १९४५ ला लुधियान्यात सुरू झाली, तेव्हा नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद', आणि काम होतं पोलादाच्या व्यापाराचं. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ ला कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. विलीस जीपचे सुटे भाग अमेरिकेतून यायचे आणि मुंबईत जोडले जायचे. पुढे साठच्या दशकात त्याच घराण्यातली चपट्या नाकाची पिकअप आली, एफसी-१५०. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, ड्रायव्हर इंजिनाच्या पुढे-वर बसतो, मागे हौदा मोठा मिळतो. गावाकडं आजही जी 'जुनी महिंद्रा पिकअप' म्हणतात, ती एक तर ही असते, नाही तर लांब नाकाच्या जीपला मागे हौदा जोडलेली.

हीच एक कंपनी नव्हती. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता, १९२८ पासून १९५४ पर्यंत. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ ची, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो निघायच्या. आणि फिरोदियांची बजाज टेम्पो १९५८ ची. बरं का, आपण ज्याला सर्रास 'टेम्पो' म्हणतो तो शब्द मराठी पण नाही आणि गाडीचा प्रकार पण नाही. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ विडाल नावाच्या कंपनीचा तो ब्रँड होता, त्यांच्याशी करार करून तीनचाकी हॅनसीट इथं बनली, आणि ब्रँडचं नाव पूर्ण महाराष्ट्रात जातीवाचक नाम होऊन बसलं. मॅटॅडोरचं पण तेच झालं. मार्केटिंगच्या बॅचमध्ये मी हे उदाहरण देतो. इथं इतकंच लक्षात घ्या की डॉज-फार्गो-शेवरोलेचा पार्ट शोधणं म्हणजे गोदावरीच्या वाळूत सुई शोधणं, आणि महिंद्राचा पार्ट शोधणं म्हणजे फक्त फिरणं. नवख्याने पहिली गाडी महिंद्राच घ्यावी, दुसरी घेऊ नये. यावर मी वाद घालत नाही.

आता कागद. लोक इथंच घाई करतात, म्हणून मी इथं जास्त थांबणार आहे.

शेतात उभ्या गाडीचा पहिला प्रश्न 'इंजिन सुटतं का' हा नाही. पहिला प्रश्न आहे, आरसी बुक कुठं आहे आणि कोणाच्या नावावर आहे? बहुतेक वेळा ती आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा नाहीत. मग वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला लागतो, आणि बाकी वारसांची हरकत नाही असं लेखी लागतं. गाडी भंगारात होती तोवर कोणाला तिची आठवण नव्हती. तुम्ही रंग दिला की चुलत्याला, आत्याला, सगळ्यांना आठवण येते. म्हणून सह्या रंगाच्या आधी घ्या, नंतर नाही. परक्याकडून घेत असाल तर फॉर्म २९ आणि ३०. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. ती बँक किंवा पतसंस्था आता बंद पडलेली असेल, तर पत्र कोण देणार? हे गाडी घेण्याआधी विचारायचं असतं.

दुसरं, नंबर. आपल्या परभणीचा एमएच-२२ हा प्रकार १९८९ नंतरचा. त्याआधीच्या गाड्यांना 'एम' ने सुरू होणारी तीन अक्षरं असायची. अशा गाडीची नोंद पुष्कळदा आरटीओच्या जुन्या रजिस्टरमध्ये असते, वाहन पोर्टलवर दिसत नाही. मग बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. काम होतं, पण वेळ लागतो, आणि तोपर्यंत तुम्ही ऑनलाईन काहीच भरू शकत नाही. आरटीओत स्वतः जा, रजिस्टरात नोंद आहे का एवढं विचारा, मगच विसार द्या. चेसिसवर ठोकलेला नंबर पेन्सिलने कागदावर घासून छाप काढा आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. नंबराच्या जागी नवीन पत्रा वेल्डिंग केलेला दिसला, तर गाडी कितीही देखणी असो, हात जोडून घरी या.

तिसरं, विंटेज. हा शब्द सगळे वापरतात, नियम कोणी वाचत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, खासगी वापराची, मूळ रूपात ठेवलेली. चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढे नूतनीकरण ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. आणि वापर कशासाठी? प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, आणि त्यासाठी येणं-जाणं, पेट्रोल भरणं, दुरुस्ती. रोजच्या वापराला नाही. धंद्याला तर नाहीच.

हे वाक्य दोनदा वाचा. व्हीए नंबर घेतला की त्या गाडीवर वडापाव विकता येत नाही. लग्नात भाड्याने देता येत नाही. आणि उलट बाजूने, गाडी पहिल्यापासून मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, तर ती 'खासगी वापराची' या अटीतच अडकते. आपल्या भागातल्या पिकअप बहुतेक मालवाहूच होत्या, शौकाला कोण घेत होतं तेव्हा! आणखी एक गोम आहे. डिझेल स्वस्त होतं त्या काळात आपल्याकडं पुष्कळ पेट्रोल जीपांचं इंजिन काढून डिझेल बसवलं गेलं. मालकाने तेव्हा शहाणपण केलं, पण 'मूळ रूप' त्या दिवशी गेलं. आणि हा बदल आरसीवर चढवलेला नसेल तर नुसती विंटेजचीच नाही, साधी नोंदणी चालू ठेवायची पण अडचण. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या रचनेत परस्पर बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय.

मग नेहमीच्या नोंदणीवर चालवता येते का? येते. 'पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालावीच लागते' ही अफवा आहे. सक्ती आहे ती सरकारी गाड्यांना, १ एप्रिल २०२३ पासून. आपल्या महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनी आरटीओ तपासणीत पास झाली की पाच वर्षांसाठी पुढे चालते. फी वाढलेली आहे, २०२२ मध्येच कारचं ६०० रुपयांचं काम ५,००० वर गेलं आणि वय वाढेल तसा भुर्दंड वाढतो, त्यामुळे पोर्टलवर आजचा आकडा बघूनच हिशोब करा. शिवाय पर्यावरण कर आहे, एचएसआरपी पाटी आहे. मालवाहू नोंद असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. आता सांगा, ड्रम ब्रेकची पन्नास वर्षं जुनी गाडी दरवर्षी फिटनेसला उभी करून तिच्यावर रोजचा धंदा कोण करणार? म्हणून म्हणतो, फूड ट्रक टाकायचाय तर दहा-बारा वर्षांची चालू पिकअप घ्या. दिसायला गोड नसेल, पण रोज सकाळी सुरू होईल.

कागद जुळले. आता गाडीकडं चला, आणि चांगला मिस्त्री बरोबर न्या. त्याला पाचशे-हजार द्या, फुकट नेऊ नका. फुकट नेलेला मिस्त्री 'होऊन जाईन भाऊ' एवढंच म्हणतो, कारण पुढचं काम त्यालाच मिळणार असतं. पैसे दिलेला मिस्त्री खरं सांगतो.

खिशात फ्रीजवर लावायचं लोहचुंबक ठेवा. दार, मडगार्ड, हौद्याच्या कडा, सगळीकडं लावून बघा. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. मराठवाड्यात हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्या गाडीसारखी ती वरून सडत नाही. पण आपली काळी माती चेसिसच्या आतल्या बाजूला चिकटून बसते, पावसाचं पाणी धरून ठेवते, आणि आतून खाते. खाली झोपा, हातोडीने चेसिसवर टकटक करा. ठणठणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर तिथं थांबा. बाकी सगळं बदलता येतं, चेसिस नाही. म्हणजे येतं, पण मग ती गाडी तीच राहत नाही, आणि आरटीओ पण तेच म्हणतं.

जुनं पेट्रोल इंजिन असेल तर ते बहुतेक हरिकेन असतं, चार सिलिंडर, २१९९ सीसी. त्याची एक गंमत आहे. आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. आजचा पोरगा हेड खोलतो, चार व्हॉल्व्ह बघतो आणि बाकीचे चार कुठं गेले म्हणून डोकं खाजवतो. बाजूची पट्टी खोलली की ते दिसतात. हे माहीत असलेला मिस्त्री शोधा, तो साठीच्या पुढचा असेल. डिझेल असेल तर प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं २११२ सीसी इंजिन असण्याची शक्यता मोठी, त्याचे जाणकार अजून भरपूर आहेत.

बंद पडलेलं इंजिन ट्रॅक्टरला बांधून ओढून सुरू करू नका. मी हात जोडून सांगतो. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, ओढलं की रिंग तुटते आणि बोअरला चरा पडतो, मग दहा हजारांचं काम साठ हजारांवर जातं. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, चार-पाच दिवस तसंच ठेवा, मग पान्याने हाताने हळू फिरवा. फिरलं तर नशीब, नाही फिरलं तर हेड खोला. पेट्रोलची टाकी गळत असेल तर वेल्डिंगवाल्याकडं घाईने देऊ नका. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट असते. रेडिएटरवाला टाकी नीट धुऊन, पाणी भरून काम करतो, त्याच्याकडंच द्या.

पैसा कमी पडला तर रंग थांबवा, ब्रेक थांबवू नका. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम आणि पुष्कळांना ब्रेकची एकच लाईन. एक पाईप फुटला की चारही ब्रेक गेले. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, सगळे रबरी होज आणि लोखंडी पाईप नवे टाका, जुने 'चालतील' म्हणून ठेवू नका. माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे म्हणून सांगतो असं वाटेल. पण हे किट काही फार महाग येत नाही, त्यात माझा बंगला होत नाही.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट नवीन आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच भागातल्या उसाचं आहे, अभिमान आहे, पण जुन्या गाडीचं रबर त्यात फुगतं आणि चिरतं. कार्बोरेटरचं किट, पंपाचा पडदा, टाकीपासूनचा पाईप, हे इथेनॉलला टिकणारं रबर मागूनच घ्या. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका, ते पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

आता हिशोब. बीबीएमध्ये आम्हाला 'संक कॉस्ट' शिकवली होती, म्हणजे बुडालेला खर्च. जो पैसा गेला तो गेला, पुढचा निर्णय त्याच्याकडं बघून घ्यायचा नाही. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न होता. खरा अर्थ जुन्या गाडीत कळतो, कारण इथं माणूस रोज स्वतःला म्हणतो, 'एवढे टाकलेत, अजून वीस हजारांनी काय होतं.'

समजा गाडी १,२०,००० ला घेतली. क्रेन किंवा ट्रकवर आणायला १५,०००. इंजिन ७०,०००. ब्रेक, स्टीअरिंग, कमानपाटे ४०,०००. पाच टायर ३०,०००. वायरिंग, बॅटरी २०,०००. डेंटिंग-पेंटिंग ९०,०००. सीट, काच, रबर, दिवे ३५,०००. कागद १५,०००. बेरीज ४,३५,०००. नवखा माणूस इथं वही मिटतो. मिटू नका. गाडीची किंमत सोडून जी कामाची रक्कम आहे, ३,१५,०००, तिचा एक तृतीयांश न दिसणाऱ्या कामासाठी बाजूला काढा, १,०५,०००. गिअर बॉक्स खोलल्यावर जे निघतं ते आधी दिसत नसतं. झाले ५,४०,०००. शेडचं भाडं तीन हजार धरा, चौदा महिने, ४२,०००. तुमचे छप्पन रविवार, आठ-आठ तास, म्हणजे ४४८ तास. तासाला शंभर रुपये तरी लावा स्वतःला, ४४,८००. आणि सरासरी तीन लाख चौदा महिने अडकून राहिले, बारा टक्क्यांनी त्याचं व्याज ४२,०००. एकूण ६,६८,८००.

विकायला गेलात तर शौकीन तुमचा हा कागद बघणार नाही. तो बघणार की मूळ इंजिन आहे का, मूळ आरसी आहे का, आणि तशीच दुसरी गाडी कितीला मिळते. तुमचे छप्पन रविवार त्याला दिसत नाहीत. तुम्ही नोंदणीकृत जुन्या गाड्यांचे व्यापारी असाल तर नफ्याच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी वेगळा. शिवाय परभणीत गिऱ्हाईक नाही. गाडी पुण्याला न्या, दाखवा, परत आणा, हा पण खर्च. बँक अशा गाडीवर सहसा कर्ज देत नाही, म्हणजे गिऱ्हाईकही रोखीचं लागतं. म्हणून विकायचा विचार करून पहिली गाडी धरणाऱ्याला मी सरळ 'नको' म्हणतो. तिसरी-चौथी गाडी, तोवर हात बसलेला, पार्टवाले ओळखीचे, मग वेगळी गोष्ट.

'सर, तुम्ही तर सगळ्यालाच नाही म्हणताय.' असं एका मुलीने बॅचमध्ये तोंडावर म्हटलं, आणि तिचं चूक नव्हतं. मग पैसा आहे कुठं?

मला विचाराल तर गाडीत कमी आणि गाडीच्या आजूबाजूला जास्त. सांगलीच्या दत्तात्रय लोहार यांचं उदाहरण घ्या. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे गाव, पत्र्याचं-लोखंडाचं छोटं वर्कशॉप. भंगारातले भाग आणि दुचाकीचं इंजिन वापरून साधारण साठ हजारांत त्यांनी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ टाकला, बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो घरी आली. सगळ्यांच्या लक्षात बोलेरो राहिली. माझ्या लक्षात राहिलं ते महिंद्रांनी त्याच वेळी सांगितलेलं, की ही गाडी नियमांत बसत नाही आणि कधी ना कधी ती रस्त्यावर चालवायला अडवली जाईल. म्हणजे किंमत त्या जीपची झाली नाही. किंमत झाली ती पत्रा वाकवणाऱ्या, जोडणाऱ्या हाताची, आणि तो हात तिच्याआधी वर्षानुवर्षं वर्कशॉपमध्ये कमावत होता. बोलेरो काही दर वेळी मिळणार नाही, पण हाताला काम दर वेळी मिळतं.

तुमची पहिली गाडी करताना तुम्ही दहा कारागिरांच्या दारात जाल. बघा, कोणाकडं रांग आहे. जुन्या गाडीचं पूर्ण वायरिंग नव्याने विणून देणारा माणूस मला आपल्या जिल्ह्यात शोधावा लागतो. सीटचं जुन्या पद्धतीचं रेक्झिन काम, काचेचं रबर, डायनॅमोची दुरुस्ती, मीटरचा डायल, लेथवर एकच बुश बनवून देणं, या प्रत्येकात माणूस कमी आणि वय जास्त. पूर्णा जंक्शनमुळे आपल्याकडं रेल्वेत आयुष्य काढलेले फिटर आहेत, त्यांच्याकडं बसून शिकण्यासारखं खूप आहे आणि त्यांना कोणी विचारत नाही. सरकारी आयटीआयमधून वेल्डर, मोटर मेकॅनिक होऊन निघालेली पोरं आहेत. वायरिंगचं किंवा सीटचं छोटं युनिट टाकायला मुद्रा कर्जाचा अर्ज करता येतो, शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत. जुनी गाडी विकत घ्यायला तोच अर्ज करून बघा, मॅनेजर चहा पाजून परत पाठवेल. आणि वायरिंग कुरिअरने जातं. गिऱ्हाईक पुण्याचं, नागपूरचं, कुठलंही चालतं.

पार्टचा व्यापार पण आहे. मी स्वतः देवगिरीने दादरला उतरतो आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर जातो. पुण्यात नाना पेठ आहे. हरियाणात मंडी डबवालीला जीपांचा अख्खा बाजार आहे. तिथं सगळं मिळतं, पण काय खरं आणि काय 'तसंच दिसणारं' हे ओळखता आलं पाहिजे, आणि ती नजर स्वतः एक गाडी खोलून जोडल्याशिवाय येत नाही. पहिल्या गाडीची फी मी यालाच म्हणतो. कॉलेजला तीन वर्षं फी भरली तेव्हा कोणी विचारलं नाही की डिग्री कितीला विकणार.

अजून एक रस्ता आहे, तो सांगितला की खरे शौकीन मला शिव्या देतात. महामार्गावरच्या ढाब्यांना, हॉटेलांना, मंगल कार्यालयांना फोटोसाठी उभी जुनी गाडी पाहिजे असते. चालवायची नाही, नुसती उभी. इंजिन नको, गिअर बॉक्स नको, टायर जुने चालतात. बॉडी, रंग, दिवे आणि सीट. वरच्या हिशोबातला मोठा भाग गळून पडतो, काम दोन-तीन महिन्यांत होतं, आणि गिऱ्हाईक आपल्याच जिल्ह्यात असतं. ट्रकवर नेऊन ठेवायची, रस्त्यावर आणायची नाही, आणि विकल्याची पावती-करार नीट करून ठेवायचा. फक्त एक पथ्य पाळा. मूळ इंजिन आणि पूर्ण कागद असलेली गाडी या कामाला कापू नका. ज्या सांगाड्याचे कागद कधीच जुळणार नाहीत, तो घ्या. चांगली गाडी शोपीस केली तर पुढच्या माणसाला ती परत उभी करता येत नाही, आणि अशा गाड्या आता नवीन बनत नाहीत.

ज्यांनी ठरवलंच आहे त्यांच्यासाठी वेळेचं सांगतो. मृगाच्या आधी-मागे गॅरेजमध्ये गाडी देऊ नका. मे-जूनमध्ये सगळे मिस्त्री ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, पंपात अडकलेले असतात, तुमची गाडी कोपऱ्यात जाते आणि तिच्यावर दुसऱ्यांचे पार्ट ठेवले जातात. कागदाची कामं आणि पार्ट गोळा करणं पावसाळ्यात उरका. इंजिन आणि खालचं काम दिवाळीनंतर द्या. खोलताना प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत घालून वर चिठ्ठी लावा, 'पुढचं डावं चाक' असं स्पष्ट लिहून. मिस्त्रीला एकरकमी पैसे देऊ नका, काम संपेल तसे द्या, आणि प्रत्येक वेळी वहीवर त्याची सही घ्या. रंग जानेवारी ते मार्चमध्येच करा. पावसाळ्यात ओलाव्याने रंगाला फोड येतात, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या उन्हात तो पत्र्यावर नीट बसायच्या आधीच वाळतो. होळीच्या आठवड्यात मात्र ओल्या रंगाची गाडी बाहेर उभी करू नका.